शब्द उशिरा येतात

शालूताईंना शब्द सुचवलेला चालत नसे. बोलता बोलता त्या अडल्या आणि आमच्यापैकी कुणी मदत म्हणून "कात्री का, ताई?" असं म्हटलं, की त्यांचा तळहात वर व्हायचा. "थांब. माझा आहे. मीच आणते." मग क्लासमधली सगळी मशिनं थांबायची आणि आम्ही मुली मशीनच्या पायडलवर पाय ठेवून वाट बघत बसायचो. कधी शब्द यायचा, कधी भलताच यायचा. कात्रीला एकदा त्या 'मावशी' म्हणाल्या. आम्ही फिस्सकन हसलो. त्याही हसल्या, पण कात्री हा शब्द आणल्याशिवाय त्यांनी पुढचं कापड कापलं नाही.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत शिवणक्लास, मागे त्या आणि मुलगी मंजिरी. यजमान लवकर गेले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बारावी नापास होऊन त्यांच्याकडे शिवण शिकायला गेले. त्या वेळी त्यांची जीभ मशीनपेक्षा जोरात चालायची. शिकवताना, भांडताना, भाजी घेताना, कुठेच त्या अडत नसत.

मग एका सकाळी बाही कशी कापायची ते दाखवताना त्यांच्या हातातला खडू पडला. तोंड वाकडं झालं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. इस्पितळातून परत आल्यावर हात-पाय हळूहळू सुधारले, शब्द मात्र सुधारले नाहीत. डॉक्टर म्हणाले, यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. गंमत म्हणजे शिव्या शाबूत होत्या. मांजराने दूध सांडलं तेव्हा ताईंच्या तोंडून एक लांबलचक शिवी अशी अस्खलित बाहेर पडली की मंजिरीने आनंदाने त्यांना मिठीच मारली.

भेटायला येणारे लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत, एकेक अक्षर तोडून, लहान मुलाशी बोलावं तसं. ताई ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बहिरी नाही. वेडी नाही. शब्द... उशिरा येतात."

क्लास बंद करा, असं त्यांच्या दिरांनी, वसंतभाऊजींनी, सांगून पाहिलं. ताईंनी उत्तरादाखल दारावरची पाटी पुसून स्वच्छ केली. कापड आणायलाही त्या उल्हासनगरला स्वतःच जायच्या. एकदा मी सोबत होते. कॅम्प एकमधल्या ओळखीच्या सिंधी दुकानदारासमोर त्या उभ्या राहिल्या. "वो... अंदर का. कपडे के अंदर का..." दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. "आराम से, बहन. दुकान कहाँ भाग रही है?" त्याने एकेक तागा काढून दाखवला. ताईंनी बोट ठेवलं, त्याने कापून दिलं, आम्ही निघालो. रिक्षापर्यंत पोचलो आणि ताई गर्रकन वळल्या. रस्ता ओलांडून परत दुकानाची पायरी चढल्या आणि ओरडल्या, "अस्तर!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बघायला लागली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "हाँ बहन, अस्तर!" एवढं ऐकून त्या खाली उतरल्या.

पुढे मंजिरीला बदलापूरचं एक स्थळ आलं. पाहुणे यायच्या दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत बसा. बोलायचं मी बघतो. उगाच त्यांना शंका नको." मी पोहे करायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. ताईंनी ठेवणीतली हिरवी साडी काढली, नेसल्या आणि पाहुण्यांसमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

मुलाच्या मामाने थोड्या वेळाने विचारलंच. "आईंना हे काय झालंय म्हणे? घराण्यात आहे का? नाही, पुढे मुलीला..."

भाऊजींनी तोंड उघडलं. ताईंचा तळहात वर झाला.

"मला झालंय," त्या म्हणाल्या. "हिला नाही. ही माझी... माझी..."

मंजिरीचं नाव येईना. स्वतःच्या मुलीचं नाव. मंजिरी चहाचा ट्रे धरून उभी होती, तिचे डोळे भरले. "मंजिरी," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. ताईंनी मानही वळवली नाही. माझ्याच्याने ते बघवत नव्हतं. कपाळावर घाम आला तरी ताई मामांच्या नजरेला नजर देऊन बसल्या होत्या.

"नाव नाही सापडत," शेवटी त्या म्हणाल्या. "मुलगी सापडते. रोज. गर्दीतसुद्धा." मग दाराकडे हात केला. "घाई असेल तर... ते... उघडं आहे."

स्थळ मोडलं. भाऊजींनी महिनाभर तोंड दाखवलं नाही. मंजिरीही चिडली होती. "एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं तिने आईला तोंडावर विचारलं. ताई म्हणाल्या, "एक दिवस... मग रोज." त्यानंतर बरेच दिवस मायलेकींत अबोला होता. पुढे मंजिरीने स्वतःच मुलगा पसंत केला. आपला होणारा नवरा आईचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो की नाही, हे तिने आधी बघून घेतलं होतं. हे तिने मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ताईंना दुसरा झटका आला. मी इस्पितळात बघायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी वाळून गेल्या होत्या. एक तरुण डॉक्टर आला. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्याने विचारलं, "आजी, हे का-य आ-हे?"

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलायला लागले. मंजिरी आणि मी श्वास रोखून उभ्या राहिलो. डॉक्टर कंटाळून घड्याळ परत बांधणार, तेवढ्यात त्या बोलल्या.

"तुम्हाला... माहीत नाही?"

डॉक्टर आधी गोंधळला, मग मोठ्याने हसला आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसला. त्याच आठवड्यात ताई गेल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.