थालीपीठासारखा उलटलेला पिझ्झा

मंडळी, आज दुपारी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घरात एक प्रयोग झाला. ग्रोसरी स्टोअरच्या स्वतःच्या ब्रँडचा फ्रोझन पिझ्झा पहिल्यांदाच आणला होता. एवढा स्वस्त, तर लागतो तरी कसा?

ओव्हन उघडला तर आत कढया, कुकर, इडलीपात्र! आपल्याकडे ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाटच ना यार.

नागपूरहून आलेली आई म्हणाली, "कशाला एवढा पसारा काढतेस? तव्यावर ठेव, मी बघते."

मी एक कॉल घेऊन परत आले, तोवर आईनं पिझ्झा चक्क उलटला होता. थालीपीठ दोन्ही बाजूंनी भाजायचं, मग हा का नाही? सगळं चीज तव्याला चिकटलं. आईचा चेहराच पडला.

तेवढ्यात माझी लेक आली. आजीनं केलेल्या प्रत्येक गोष्टीला "नो, थँक्स" म्हणणारी. तिनं उलथण्यानं ती खरपूस खरवड काढून तोंडात टाकली.

"आजी, कॅन यू मेक धिस अगेन?"

मग दोघींनी मिळून तवा खरवडून साफ केला. माझ्या वाटणीला काहीच उरलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी हा पिझ्झा सरळ बाजूनं खाल्ला असेल, तर प्लीज सांगा. कसा लागतो हो?