काचीगुड्याचे आमदार तातेराव

तातेरावांना अख्खा काचीगुडा 'आमदारसाब' म्हणायचा. गंमत अशी, की काचीगुड्यातल्या एकाही माणसाने त्यांना कधी मत दिलेले नव्हते. मते पडली ती नांदेडकडच्या खेड्यांतून, आणि आमदार राहायचे इथे हैदराबादेत, स्टेशनामागच्या गल्लीत, इंदुताईंच्या घरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. मोटार नाही, शिपाई नाही. विधानसभा असली की पांढरे कपडे करायचे, बसच्या थांब्यावर चार लोकांमागे उभे राहायचे आणि बस भरून गेली तर दुसरीची वाट पाहायची.

त्यांची बायको विठाबाई जात्याच चौकस. गल्लीत कुणाकडे नवी सायकल आली तरी ती कुठून घेतली, का घेतली, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. अशा बाईच्या वाट्याला नवरा आला तो पोटातले ओठावर येऊ न देणारा. काहीही विचारा, उत्तर एकच, "पाहू." जेवायला बसता का? पाहू. मंत्री होणार का? पाहू. विठाबाई म्हणायची, या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळायला मला वेगळा जन्म घ्यावा लागेल.

तातेराव मूळचे खेड्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. वडील रेल्वेच्या गँगमध्ये लागले म्हणून लहानपणीच हैदराबादेत आले, जामबागेतल्या शाळेत उर्दू शिकले आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाले. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांची भाषा उर्दू. गावाकडच्या माणसाला जमिनीचे, जंगलाचे, कोर्टाचे काही काम निघाले की तो पहाटेच्या गाडीने काचीगुड्याला उतरायचा आणि पायरीवर बसून तातेरावांच्या उठण्याची वाट पाहायचा. तातेराव अर्ज लिहून द्यायचे, सोबत कचेरीत जायचे. असे कितीतरी लोक त्यांच्या ओसरीवर झोपून गेले. त्यामुळे बावन्न साली निवडणूक आली तेव्हा खेड्यांना त्यांचे नाव नवे नव्हते. नोकरी सोडून ते उभे राहिले.

ती निवडणूकही मजेशीर. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. शिवाय या मतदारसंघातून निवडायचे होते दोघे, एक खुल्या जागेवर, एक अस्पृश्यांसाठी राखलेल्या जागेवर. म्हणून प्रत्येकाच्या हातात दोन चिठ्ठ्या. खुल्या जागेवर होते भगवंतराव, मोठे शेतकरी, गावचे पाटील. दोघे जोडीने हिंडले. एक चिठ्ठी यांना, एक त्यांना, असे घसा बसेपर्यंत सांगितले. वस्त्यांमधल्या लोकांनी मान डोलावली आणि दोन्ही चिठ्ठ्या तातेरावांच्याच पेटीत टाकून आले. आपल्या माणसाला देताना हात आखडता कशाला घ्यायचा? एकाच पेटीतली दुसरी चिठ्ठी मोजणीत बाद झाली, आणि त्या बाद चिठ्ठ्यांपायी भगवंतराव जेमतेम तरले. पुढे ते हा किस्सा हसत सांगत, पण विसरले नाहीत.

भगवंतराव घरी यायचे. तातेरावांच्या खांद्यावर हात ठेवून "आमची बैलजोडी" म्हणायचे. विठाबाई चहा ठेवायची. भगवंतराव बोलत बसायचे, बोलता बोलता चहा गार व्हायचा, आणि मग "अरे, गार झाला की" म्हणत कप बाजूला सारायचे. दर वेळी गार व्हायचा. विठाबाईने हे नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "पाहू."

छपन्न साल उजाडले ते सगळेच उलटेपालटे करत. भाषेप्रमाणे राज्ये होणार, हैदराबाद राज्य मोडणार, मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार, हे नक्की झाले. ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झाले. नवराबायको दोघे गेले आणि बौद्ध होऊन आले. मैदानावरच्या त्या गर्दीत विठाबाईला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारावेसे वाटले नाही, नुसते रडावेसे वाटले. नोव्हेंबरच्या एक तारखेला राज्य मोडले. तातेराव राहत्या घरी बसून परराज्यातले झाले, म्हणजे आमदार मुंबईचे आणि घर आंध्रात. पहाटेची गाडी पूर्वीसारखीच यायची, पण गावाकडचे कुणी उतरेना. त्यांच्या कचेऱ्या आता दुसरीकडे होत्या. ओसरी मोकळी पाहून विठाबाईला करमेनासे झाले. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि घरात आठवडाभर कुणी धड बोलले नाही.

मग सत्तावन्नची निवडणूक जाहीर झाली आणि भगवंतराव आले. या वेळी खांद्यावर हात नव्हता.

"तातेराव, कायदा माहीत आहे ना? राखीव जागा हिंदू अस्पृश्याला. बौद्ध म्हणालात की अर्ज गेला."

"माहीत आहे."

"दीक्षा मनात राहू द्या. अर्जात जुनी जात टाका. पाच वर्षं कोण विचारतंय? तुम्ही नसलात तर तुमच्या लोकांची दुसरी चिठ्ठी मला कोण मिळवून देणार?"

"पाहू," तातेराव म्हणाले.

दाराआड विठाबाई उभी होती. त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. हा काय सांगणार? भाकरी थापताना तोच विचार, नळावर तोच विचार. आमदारकी गेली तर पन्नाशीच्या माणसाला नोकरी कोण देणार, हे तिला कळत होते. पण नागपूरला दोघांनी जे सोडले ते यानेच पुन्हा उचलून अंगावर घेतले, तर आपण कोण उरलो, हेही तिला कळत होते. अर्ज नांदेडला भरायचा होता. निघायच्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला आडवेच घेतले.

"पाहू म्हणायचं न्हाई आज. काय सांगणार हाव तुम्ही?"

तातेराव बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "जुनीच जात सांगणार. मी न्हाई गेलो तर त्या जागेवर दुसरा कुणीतरी बसवतील, भगवंतरावाच्या खिशातला. लोकांची कामं कोण करील?"

विठाबाईने भाकरी बांधून दिली, पण स्टेशनावर काही ती गेली नाही. तिला नवऱ्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटली होती. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, यानेच तिचा जीव जास्त जळत होता.

चारपाच दिवसांनी तातेरावांचा चुलतभाऊ श्रीपती नांदेडहून आला आणि पायरीवरच बसला.

"वहिनी, छाननीत दादांचा अर्ज बाद झाला. दादा सगळ्यांसमोर म्हणले, मी बौद्ध हाव."

"कोण म्हणलं?"

"दादा. आम्ही बाहेर लिंबाखाली बसलेलो, तिथवर आवाज आला. सगळे उठून उभेच राहिले की. भगवंतराव मोटारीत बसून निघून गेले."

 हातातले सूप खाली ठेवून विठाबाईने पदराने डोळे टिपले आणि लगेच विचारले, "पण आत झालं काय?" श्रीपतीला ते ठाऊक नव्हते. आत दादा आणि निवडणूक अधिकारी, हरकत घेणारा एक वकील आणि दोन उमेदवार, एवढेच होते.

तातेराव परत आले. तिने विचारले, ते म्हणाले, "सांगू कधीतरी." पाहूच्या जागी सांगू आले, एवढीच काय ती प्रगती. दिवस गेले. निवडणूक झाली. वस्त्यांना सांगणारा कुणी राहिला नव्हता, दुसरी चिठ्ठी भगवंतरावांच्या पेटीत पडली नाही, आणि ते पडले. तातेराव कोर्टाच्या आवारात एक टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहू लागले. विठाबाईने धीर धरला, आणि हे तिला किती जड गेले असेल ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

उन्हाळ्यात एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. तातेराव कोर्टातून लवकर आले, पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून आपण होऊनच बोलू लागले.

"अधिकारी चांगला माणूस होता. म्हाताऱ्यासारखा मऊ. वकिलानं हरकत घेतली, हे नागपूरला जाऊन आलेत म्हणून. अधिकारी म्हणाला, नागपूरला कोणीही जातो. मग मला जवळ बोलावलं."

"मग?"

"अर्जातली जात बरोबर आहे का, एवढंच विचारायचं होतं. मी हो म्हणणार होतो, विठा. तोंडात हो तयार होतं. पण जातीचं नाव घेताना त्यानं आवाज खाली आणला. इकडं-तिकडं पाहिलं, माझ्याकडं वाकला, आणि कानात सांगावं तसं विचारलं. मला वाईट वाटू नये म्हणून. एखाद्याचा वाईट रोग विचारतात ना, तसं."

विठाबाईचा हात तांदळातच थांबला.

"त्यानं शिवी दिली असती तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो," तातेराव म्हणाले. "शिव्यांची सवय आहे. पण तो भला माणूस होता. भल्या माणसालासुद्धा ते नाव मोठ्यानं घेता येईना, आणि मी पाच वर्षं तेच नाव लावून खुर्चीत बसणार होतो. मग माझ्या तोंडून जे निघालं ते लिंबापर्यंत गेलं."

"त्यो काय म्हणला?"

"दचकला. म्हणाला, काय म्हणालात? मी पुन्हा सांगितलं."

"तेवढ्याच मोठ्यानं?"

"तेवढ्याच."

विठाबाईने सूप मांडीवरून खाली ठेवले. मग म्हणाली, "मी स्टेशनावर यायला पाहिजे होतं."  तातेरावांनी सूप आपल्याकडे ओढले आणि तिच्यासोबत खडे वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी नळावर इंदुताई भेटल्या. बाई मनाने चांगल्या, भाड्यासाठी कधी तोंड वाकडे केले नाही. पण महिनोन् महिने त्याही एका प्रश्नाने परेशान होत्या. आजूबाजूच्या बायकांकडे एकवार बघून त्या विठाबाईच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमदारसाबांचं नक्की काय झालं हो? लोक काय की म्हणायलेत, ते जातीचं काहीतरी..."

विठाबाईने घागर खाली ठेवली.

"आम्ही बौद्ध हाव, इंदुताई," ती म्हणाली. नळावरच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. मग तिने घागर नळाखाली लावली.