दोन मिनिटं बाहेर

नागापूरच्या आमच्या वर्कशॉपचे फोरमन फौजेतून निवृत्त झालेले. लडाखला ते बर्फावरच्या, चेंडूऐवजी चकतीनं खेळायच्या हॉकीत पंच होते. सांगतात, "फाऊल दिसला की हात वर करायचा. पण धक्का बसलेल्याच्या टीमकडं चकती हाय तवर शिट्टी न्हाई. त्यांचा डाव कशाला मोडायचा? मग धक्का देणारा दोन मिनिटं बाहेर."

वर्कशॉपमध्येही चुकणाऱ्यानं दोन मिनिटं दाराबाहेरच्या स्टुलावर बसायचं. मला हे पोरकट वाटायचं.

परवा ते शेखभाईंवर उगाच डाफरले. ड्रॉइंग स्वतःच चुकीचं वाचलं होतं. कळताच त्यांनी हात वर केला, शेखभाईंचा लेथवरचा जॉब पुरा होईपर्यंत तसाच ठेवला आणि स्टुलावर जाऊन बसले.

तेवढ्यात मालक आले. "काका, आत चला, माल तपासायचाय."

"अजून चाळीस सेकंद हायेत, साहेब."

मालक घड्याळ बघत उभे राहिले.