आमच्या ब्लॉगची प्रतवारी

माझ्या ब्लॉगला चार वाचक आहेत, आणि त्यांतली एक मी आहे. दुसरा नवरा (नाइलाजानं), तिसरे सासरे आणि चौथ्या मावससासूबाई.

तरी लेखांचे प्रकार मात्र मी अकरा पाडले होते! कुठंतरी वाचलं, की ब्लॉगची वर्गवारी विषयावरून करतात, लिहिणाऱ्यावरून करतात, शिवाय मजकूर, फोटो की व्हिडिओ यावरूनही करतात. मी तिन्ही पद्धती एकदम लावल्या. लेख नऊ, प्रकार अकरा! कुकरच्या शिट्ट्यांवरचा लेख पाककृतीत घालावा की आत्मचरित्रात, यातच माझे दोन दिवस गेले.

काटेवाडीच्या आमच्या शेडमध्ये तेव्हा पेरू निवडायचं काम चाललं होतं. सासरे, म्हणजे तात्या, क्रेट भरता भरता म्हणाले, "सूनबाई, एवढं कोडं कशाला? मालच हाय न्हवं? मग एक नंबर, दोन नंबर आन् बदला. झालं!"

(बाजारात 'बदला' म्हणजे डागी, किडका, कुणी ढुंकून न बघणारा माल.)

मला पटलं. पाच मिनिटांत अकराचे तीन केले. 'मावशींची शेंगोळी' हा लेख मी भाजी करपत असताना खरडला होता, तो प्रामाणिकपणे 'बदला'त टाकला.

मावशी म्हणजे सासूबाईंची एकुलती एक बहीण, दिलेली सणसरला. त्यांच्याकडं नुसता ऊस. उसाला कसली आलीय निवड? सगळा एकाच ट्रॉलीत बसून कारखान्याला जातो! त्यामुळं मावशींना बदला एकच माहीत, टीव्हीवरच्या मालिकेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात हजर. हातात मोबाईल. त्यावर ठळक अक्षरांत 'बदला', आणि खाली 'मावशींची शेंगोळी'.

"काय वाईट केलंय गं मी तुझं? शेंगोळीच खाऊ घातली न्हवं? आन् तू माझा बदला घेतीस व्हय?"

"अहो मावशी, तो बदला नव्हे!" मी हसत हसत म्हटलं. "बदला म्हणजे टाकाऊ माल!"

इतका वाईट खुलासा माणसानं आयुष्यात एकदाच करावा.

"टाकाऊ?" मावशी मटकन बसल्या आणि तितक्याच झटक्यात उठल्या. "आक्का, तुझ्या सुनंनं मला किडक्या पेरवात घातलं! आजपासनं ह्या घरचं पाणीसुदीक घेणार न्हाय!"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सख्खी बहीण एकच, आणि ती चप्पल शोधत होती. तेही माझ्यापायी! मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात तात्या मदतीला धावले (तेवढंच बाकी होतं!). "अवं, बदल्यालाबी गिऱ्हाईक असतंय. त्याचा ज्यूस करत्यात!"

"आता माझा रस काढा!" मावशी कडाडल्या.

"मावशी, टाकाऊ तुम्ही नाही हो!" मी अक्षरशः ओरडले. "माझं लिखाण टाकाऊ! एकदा वाचून तरी बघा!"

मावशींनी आतापर्यंत फक्त वरच्या दोन ओळी वाचल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "हुलग्याचं पीठ चार वाट्या... लसूण एक पाकळी? अगं, एका पाकळीनं डास तरी पळंल का? आन् ह्यो साखरेचा चमचा कुणी सांगितला तुला?"

सासूबाईंना हसू फुटलं. मावशींनी शेवटपर्यंत वाचून चष्मा काढला. "आक्का, पोरगी खरं बोलतीय गं. बदलाच हाय हे!"

मग त्या पाणी प्यायल्या, चहा प्यायल्या, जेवूनसुद्धा गेल्या. जाण्याआधी त्यांनी आणि तात्यांनी मिळून माझा अख्खा ब्लॉग निवडला. नऊच्या नऊ लेख बदल्यात गेले.

'एक नंबर'मध्ये आता एकच लेख आहे, नव्या शेंगोळीचा. तो मावशींनी सांगितला आणि मी टाइप केला. त्यात एक वाक्य माझं होतं. तात्यांनी ते डागी म्हणून काढून टाकलं.