कुंदाला पूर्ण पुस्तक हवं होतं

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीच्या वर्गावर होते. फोन तिच्या भावाचा, सुधाकरचा. "ताई, आपली कुंदा गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कोण म्हणालं? डॉक्टर स्वतः म्हणाले का?" तो बिचारा काय सांगणार... फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न माझा नव्हताच, तिचा होता. कुणीही काहीही सांगितलं की कुंदा आधी विचारायची, कोण म्हणालं, आणि त्याला कुणी सांगितलं?

पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतली ही मुलगी. लहानपणी गोवर झाला आणि त्यात डोळे गेले. मुंबईच्या अंधशाळेत राहून ती ब्रेल शिकली, दहावी-बारावी झाली आणि बी.ए.ला महाडच्या आमच्या कॉलेजात आली. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये कुठून मिळणार? म्हणून 'कमवा आणि शिका' योजनेत दोन विद्यार्थ्यांना तिची पुस्तकं मोठ्यानं वाचून कॅसेटवर भरायचं काम दिलं होतं. त्यातली एक मुलगी लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी मी लागले. माझे अब्बा ट्रक चालवायचे, घरात आम्ही कोकणी बोलायचो. योजना बघणाऱ्या सरांनी माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला आणि म्हणाले, "अरे वा, मराठी स्वच्छ आहे की तुझं!" त्यांच्या आवाजातलं ते आश्चर्य मला आवडलं नाही. पण कुंदाचं स्वागत त्याहून वरचं होतं. "शबाना ना? सरांनी पाठवलं काय तुला?" मी हो म्हटल्यावर तिनं माझ्याकडून अर्थशास्त्राचं एक पान वाचून घेतलं. मग मला बाहेर उभं करून तेच पान ग्रंथालयातल्या शिपायाकडून वाचून घेतलं. दोन्ही जुळलं, तेव्हा मला आत बोलावलं. मी फणकारले होते. "राग आला काय गो? येऊ दे," ती म्हणाली. "मला फसवणारी माणसं रागवत नायत. गोड बोलतात."

थोड्या दिवसांनी तिनं मला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नेलं. पिशवीतून इतिहासाचं पुस्तक काढलं आणि प्रकाशनं भरलेली कॅसेट. प्रकाश म्हणजे दुसरा वाचक, आमच्याच वर्गातला. "मी कॅसेट लावते. तू पुस्तकात बोट ठेव आणि सोबत चाल." टेप सुरू झाला. प्रकाशचा आवाज खणखणीत होता, पण माझं बोट पहिल्याच परिच्छेदावर अडून राहिलं. टेपमध्ये 'मुद्दा पहिला', 'मुद्दा दुसरा' असं चाललं होतं आणि पुस्तकात मुद्दे नव्हतेच. समाजसुधारणेच्या चळवळींचं प्रकरण आलं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर टेप दोन वाक्यं बोलला आणि पुढं सरकला. कुंदानं बटण दाबून तो थांबवला.

"पुस्तकात किती हाय?"

"पानंच्या पानं आहेत," मी म्हटलं.

"तरी वाटलंच. बापाच्या खांद्यावर बसून मी दर मार्चला त्या तळ्यावर यायचे. त्याला दोन वाक्यं? पुस्तक लिहिणारा येवढा कंजूष नसंल, म्हटलं."

प्रकाशला विचारलं तर तो उखडलाच. "मला सरांनी गाईड दिलं, मी गाईड वाचलं. माझ्यावर कशाला?" त्यानं ते गाईड आणूनही दाखवलं. मग कुंदा माझा हात धरून सरांकडे गेली. सर तसे प्रेमळ होते. म्हणाले, "तुझा त्रास वाचावा म्हणून केलं, कुंदा. पास होण्यापुरतं सगळं आहे त्यात. ते प्रकरण परीक्षेला येत नाही." कुंदा शांतपणे म्हणाली, "बाकीच्या पोरांची पुस्तकं पण कापून दिलीत काय, सर?" सरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तू फार संशयी आहेस." "हो, सर," ती म्हणाली.

बाहेर पडून एस.टी. स्टँडकडे चालताना तिनं विचारलं, "सरांचा चेहरा कसा झालता?" मी म्हटलं, "पडला होता." "लाजेनं, का रागानं?" मला सांगता येईना. तो कंटाळा होता, की दया होती, की नेमकं तेच प्रकरण तिच्यापर्यंत पोचू नये असं कुणाला वाटत होतं... हा प्रश्न ती पुढं कित्येक वर्षं घोळवत राहिली. उत्तर तिला मिळालं नाही. मलाही नाही.

सरांनी नव्या कॅसेट द्यायला नकार दिला. मग कुंदानं सुधाकरच्या गाण्यांच्या कॅसेट उचलल्या. त्यांच्या वरच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की त्यावर पुन्हा भरता येतं, हे तिला ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच घरी आम्ही इतिहासाचं पुस्तक पहिल्या पानापासून भरायला घेतलं. अम्मीला हे काही बरं वाटेना. परक्या कॅसेटमध्ये मुलीचा आवाज... तो कुठं कुठं जाईल, कोण ऐकेल? तिनं तसं बोलून दाखवलं. कुंदा म्हणाली, "चाची, तुमचा संशय बरोबर हाय. मी पण हेच इचारलं असतं. आवाज माझ्या घरातून बाहेर जायचा नाय." अम्मीचं समाधान कितपत झालं कोण जाणे, पण त्यानंतर ती मटार सोलत तिथंच बसू लागली, आमच्यावर लक्ष ठेवायला. त्या टेपमध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, अजान आहे, आणि तळ्याचं प्रकरण चालू असताना मध्येच अम्मीचा आवाज आहे, "मग काय झाला गो?"

परीक्षेत त्या प्रकरणावर प्रश्न आला नाही. पेपर देऊन बाहेर आल्यावर कुंदा हसत सुटली. "सर खरं बोलत होते गो!" मग म्हणाली, "पण सोडायचं काय नि ठेवायचं काय, ते मी ठरवीन. दुसऱ्यानं का?"

पुढं ती एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाली. मी शिक्षिका झाले. स्वभाव तसाच राहिला. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दोघांकडून वाचून घ्यायची, मगच गोळी तोंडात. मूत्रपिंडं निकामी होत गेली तेव्हा शेवटचा रिपोर्ट तिनं माझ्याकडून वाचून घेतला आणि मग नर्सला हाक मारली. इतक्या वर्षांनंतरही... मला लागलंच ते. तिला कळलं असावं. "तू वाचलंस ते खरं हाय," ती म्हणाली. "पण वाचताना तुझा गळा भरून आला. मला नुसते आकडे पायजे होते."

तिनं माझ्यावर कधी पूर्ण विश्वास ठेवला का, हे मला अजून सांगता येत नाही. परवा पोलादपूरला तिच्या घरी जाऊन आले. तिची खोली सुधाकरनं तशीच ठेवली आहे. खिडकीपाशी एक खुर्ची आणि तिच्या बरोबर वर भिंतीतून पुढं आलेला दिवा. घरात इतर कुठं नाही एवढा मोठा. मी विचारलं, कुंदाला दिव्याचा काय उपयोग? सुधाकर म्हणाला, "तिच्यासाठी नाय, ताई. ती खुर्ची वाचायला येणाऱ्याची. संध्याकाळी वाचताना तुमचे डोळे दुखतात म्हणून दवाखान्यात जायच्या महिनाभर आधी तिनं हट्टानं बसवून घेतलाय. मला रोज इचारायची, पेटतो काय रे? मग बल्बला हात लावून गरम हाय का बघायची."

मी त्या खुर्चीत बसले. बाहेर लख्ख दुपार होती. तरी सुधाकरनं भिंतीवरचं बटण दाबलं, आणि मी उभी राहून बल्बला हात लावून पाहिला.