गुरुवारचा कॉल

जांभारकर सर गेल्याचं मला शाळेच्या जुन्या ग्रुपवर कळलं. तासाभरात चाळीसेक जणांनी हात जोडले आणि सरांच्या नावाने एक सुविचारही फिरायला लागला. तो त्यांचा नव्हताच! सर कसले सुविचार पाठवणार? 'ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याला आधी वाचून दाखव, मग पुढे पाठव,' एवढाच त्यांचा नियम...

मी पत्रकांच्या घरातली. बाबा कामगार संघटनेचे, आमच्याकडे रद्दीसुद्धा घोषणांची. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत सर दर गुरुवारी चार वाजता केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका वर्गाशी आमचा व्हिडिओ कॉल ठेवत. निवृत्तीनंतरही त्यांनी तो घरून चालू ठेवला. नववीत मी त्या मुलांबद्दल पेटून एक पत्रक लिहिलं होतं: भुकेल्या भावंडांनो, वगैरे. सगळं नेटवरून उचललेलं. सर म्हणाले, "छान. आता इंग्रजीत कर आणि त्यांनाच वाच." मी तावातावाने वाचलं. पलीकडची एक मुलगी शांतपणे म्हणाली, आम्ही आत्ताच नारळाच्या रसातली मासळी खाऊन आलो, तुम्ही काय जेवलात? माझ्या डब्यातही तेच होतं. वर्ग हसला. मी सहा महिने सरांशी बोलले नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सरांवरचा लेख घेऊन मी काकूंकडे गेले. वाचून दाखवायला आता सरांची बायको तेवढी उरली होती. 'संयमाचा सागर'पर्यंत पोचले, तशा त्या हसायलाच लागल्या.

"हा कोण गो? आमच्याकडे नाय राहिला असला कोणी. नेट गेलं की फोन आपटायचे ते. आणि तू तोंड फुगवून बसलेलीस, ते कुठाय यात?"

ते मी गाळलं होतं. चूक माझी होती, हे सरांना सांगायचं राहून गेलं... आणि लेखातही मी तेच लपवलं होतं.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. गुरुवार, चार.

"मागच्या गुरुवारी मी उचललाच नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना माहीत नाय अजून. तूच सांग. मला कुठलं इंग्रजी?"

पडद्यावर अख्खा वर्ग हात हलवत होता. माझ्याकडे विशेषणं तोंडपाठ होती. "सर गेले," एवढंच बोलले. पलीकडे बाकं सरकली. एकेक करत सगळी मुलं उभी राहिली. कुणी बसेना.

"बसा म्हण गो त्यांना," काकू पुटपुटल्या.

मी कशी म्हणणार? मीही उभीच होते.