रावजी भुवडांचे विमान

गावाच्या वरच्या अंगाला जो सडा आहे, तिथे पावसाळ्यात गुरे चरतात आणि एरवी कोणाचेच काही काम नसते. जांभ्याचा उघडा कातळ, मध्येमध्ये वाळलेल्या गवताचे पट्टे, कडेने करवंदीच्या जाळ्या, आणि पश्चिमेला पार खाली समुद्राची कड. या बिनकामाच्या जागेत रावजी भुवड यांनी निवृत्तीनंतर आपले काम शोधले होते. ते तिथे विमान उडवीत.

विमान म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर कवेत मावेल एवढ्या पंखांचे. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फासळ्यांवर पातळ आवरण ताणून केलेले, बॅटरीवर चालणारे आणि जमिनीवर उभे राहून रिमोटने हाकायचे. मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत रावजींनी नोकरीची सारी वर्षे मदतनीस म्हणून काढली. विद्यार्थी स्पर्धेसाठी विमाने करीत, तेव्हा रावजी त्यांना फासळ्या कापून देत. परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी ती अर्धवट टाकून जात, तेव्हा रावजी ती पुरी करीत. कधी तरी मैदानावर कोणीतरी गंमत म्हणून रिमोट त्यांच्या हातात दिला आणि मग तो त्यांच्याच हातात राहिला. निवृत्त झाल्यावर घरातले सामान टेम्पोने गावी आले, पण स्वतः बांधलेले हे विमान रावजींनी टेम्पोत घालू दिले नाही. पंख सुटे करून, चादरीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन ते रात्रभर बसून आले. त्या रात्री त्यांच्या पत्नी मालनबाईंना खिडकीची जागा मिळाली नाही, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत.

सड्याच्या खडबडीत कातळावर चाके टिकत नाहीत. म्हणून रावजींनी विमानाची चाके काढून टाकली होती. उतरताना ते गवतावर पोटाने घसरत येई आणि उडवताना कोणी तरी ते हातातून फेकावे लागे. रिमोटला दोन्ही हात अडकलेले असतात. तेव्हा फेकणारा दुसरा माणूस हवाच. हे काम त्यांचा मित्र सखाराम करी. सखाराम मच्छीमारी ट्रॉलरवर खलाशांचा तांडेल म्हणून आयुष्यभर राबलेला. खांद्यात बळ असे की विमान त्याच्या हातातून सुटले की मोटर चालू आहे की नाही, हे पाहायची गरज पडू नये.

मग साथ आली. पहिल्या टाळेबंदीत एके सकाळी रावजींनी राहवेना म्हणून विमान वर नेले आणि गावात हलकल्लोळ उडाला. आंब्याच्या बागेआड क्रिकेट खेळणारी पोरे घरघर ऐकून, पोलिसांचा ड्रोन आला असे समजून, बॅटी टाकून पळत सुटली. त्यातला एक जण विहिरीच्या कठड्यावर आपटून दात पाडून घेऊन घरी गेला. संध्याकाळी पोलीस पाटील दारात उभे राहिले. "रावजीनू, सगळं आटपेपर्यंत तुमचा पक्षी घरट्यात राहू दे," एवढेच ते म्हणाले. रावजींनी मान डोलावली. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, रावजी स्वतःच रत्नागिरीच्या रुग्णालयात नळ्या लावून पडले होते.

तिथे पडल्या पडल्या त्यांनी एक शब्द दिला. शेजारच्या गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानशिक्षिका मनस्वी मॅडम ते विमान शाळेसाठी मागत असत, आणि रावजी हसून विषय टाळत असत. त्या दिवशी मुलगा रितेश फोनवर बोलत असताना त्यांनी धापा टाकत सांगितले, "ते इमान शाळेला देऊन टाक." रितेशने ते मॅडमना कळवले. शाळा बंद होती, म्हणून विमान घरातच राहिले.

रावजी बरे होऊन आले, पण पूर्ण आले नाहीत. उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला होता. भाकरीचा तुकडा मोडताना कळत नसे. चहाची कपबशी मात्र वाजे. डॉक्टर म्हणाले, हा कंप राहील किंवा जाईल. तो राहिला.

यंदा शिमग्याला पालखी पुन्हा घरोघर नाचत आली, आणि पाडव्याच्या सुमाराला तोंडावरच्या पट्टीची सक्तीही उठली. शाळा पूर्ण भरू लागल्या. लगोलग मनस्वी मॅडमचा फोन आला. एक मेच्या झेंडावंदनानंतर सभागृहात विमान टांगायचे ठरले आहे. काकांनी त्या दिवशी चार शब्द बोलावेत.

फोन ठेवून रावजी ओटीवरून उठले. त्यांनी माळ्यावरून विमानाची चादर खाली काढली.

"काय करताव?" मालनबाईंनी आतून विचारले.

"उडवून बघतंय."

"टांगायच्या वस्तूला उडवून काय बघताव? दिलेला शब्द हाय तुमचा."

"शब्द मी पडून दिलेला," रावजी म्हणाले. "आता उभा हाय. माज्या हातानं हे वर गेलं नि धड खाली आलं, तर मी तेला दोरीला बांधू देणार नाय. नाय जमलं, तर मीच नेऊन खुंटीला लावतंय."

ही अट त्यांनी स्वतःलाच घातली होती, आणि ती सैल करायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

आधी अंगठ्याचा हिशेब चुकता करणे आले. विमान घरापुढच्या खळ्यात टेबलाला बांधून त्यांनी रिमोट हातात घेतला. अंगठा रिमोटच्या दांडीवर टेकला मात्र, शेपटीची पट्टी थंडीत कुडकुडावे तशी फडफडू लागली. जमिनीवर ही फडफड दिसायला मजेशीर. हवेत तिचा अर्थ निराळा. रावजी सगळी वर्षे अंगठ्याने विमान चालवीत आले होते. काही लोक दांडी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतात. महाविद्यालयात अशा मुलांची ते थट्टा करीत, तपकीर ओढताय की विमान उडवताय, असे विचारीत. आता त्यांनी स्वतःच चिमूट केली. तर्जनी अंगठ्याला आवर घालू लागली. फडफड गेली नाही, पण कमी झाली. रोज संध्याकाळी ते टेबलासमोर उभे राहून हवेत नसलेले विमान वळवू लागले. रस्त्याने जाणारे थांबत, आणि आजारपणाने मेंदूवर परिणाम झाला असावा अशा अर्थी एकमेकांकडे पाहून पुढे जात.

दुसरी अडचण सखारामाची. साथीने त्याचा दम खाल्ला होता. चार पावले धावला की छाती भात्यासारखी होई. तो म्हणाला, "येतंय मी, पण बसायला. फेकायला वयनीला घे."

"मना?" मालनबाई ओरडल्या. "मी काय ढगात धोंडे मारीत हुती काय?"

पण त्या आल्या. आल्या याचे कारण, ज्या माणसाला रुग्णालयातून धरून आणले होते तो सड्याची चढण न थांबता चढतो आहे, हे त्यांना मागून पाहायचे होते.

सकाळची वेळ होती. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद होता. वर पोचताच मालनबाईंनी चिमूटभर माती उचलून सोडली आणि ती कुठे पडते ते पाहिले. "ह्या अंगानं येतोय," त्या म्हणाल्या, "पण थांबून थांबून." रावजींनी मनात कबूल केले की महाविद्यालयातल्या कोणत्याही मुलाने वारा इतक्या झटकन ओळखला नसता. आणि तिथेच ते गाफील राहिले. वारा जिला कळतो तिला पुढचेही कळत असेल असे धरून त्यांनी नजर आपल्या थरथरत्या चिमटीवर ठेवली आणि म्हणाले, "सोड!"

मालनबाईंनी विमान डोक्यावर उंच धरले, वाऱ्याकडे पाठ केली आणि जोर लावून फेकले.

विमान क्षणभर हवेत बसल्यासारखे झाले, मग त्याने मान टाकली. मोटर घरघरत असतानाच ते करवंदीच्या जाळीत नाक खुपसून उभे राहिले.

सखाराम बसल्या जागेवरून म्हणाला, "वयनी, जाळं टाकलंस की इमान?"

"तू गप रव! वारा बघून टाकलंय मी."

"वाऱ्याकडं पाठ करून?" रावजींनी विचारले.

"मग? भात वारवताना तोंड करून उभी राहू? कोंडा डोळ्यांत जाईल." त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "पाठीवर वारा घेतला की कोंडा लांब उडतो नि दाणा पायाशी पडतो. मना सांगा, तुमचं इमान दाणा की कोंडा?"

चाळीसएक वर्षे दर कापणीला मुंबईहून गावी येऊन, सूप डोक्याशी धरून जी बाई खळ्यात उभी राहिली, तिच्या पायांना वारा पाठीशी घेण्याची सवय असणार, हे रावजींच्या ध्यानात यायला हवे होते. चूक तिच्या पायांची असेल, पण त्या पायांकडे न पाहण्याची चूक त्यांची होती. ते जाळीत शिरले. नाकावरचा फिरता पंखा मोडला होता, नाकाच्या फळीला तडा गेला होता, आणि हातांवर काट्यांचे ओरखडे उठले होते.

"द्या सोडून आता," परतताना मालनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "माज्यामुळं झालं ना. शाळेत मोडका पंखा कोण बघतो?"

"मी बघतंय," रावजी म्हणाले.

तडा गेलेल्या फळीला त्यांनी दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि मुंबईहून आणलेल्या पेटीतला शिल्लक पंखा बसवला. पॉलिश कागदाने नाक घासताना हात थरथरे, पण त्या कामाला थरथर चालून जात होती. दरम्यान त्यांनी थर्माकोलचे एक बिनमोटरीचे लहान विमान कापून मालनबाईंच्या हातात ठेवले. "ह्याला खळ्यात दोन्हीकडं तोंड करून टाक. मी काय बोलणार नाय."

मालनबाईंनी वारा पाठीवर घेऊन टाकले. ते पायाजवळ कोसळले. मग उगाच हट्टाने वाऱ्याकडे तोंड करून टाकले. ते तरंगत तुळशीपर्यंत गेले. त्यांनी ते उचलून आणले, पुन्हा टाकले. शेजारणीने कुंपणावरून विचारले, "काय गो मालन, लहानपणी खेळायचं राहिलंवतं काय?" मालनबाईंनी लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने त्या रावजींजवळ येऊन म्हणाल्या, "ह्याला वारा तोंडावर हवा. पंखाच्या खालनं शिरतो तो. आणि वर नाय टाकायचं. समोरच्या माणसाच्या हातात ताट द्यावं तसं सरळ द्यायचं." रावजी कार्यशाळेत हीच गोष्ट फळ्यावर बाण काढून समजावीत, ताटाची उपमा त्यांना कधी सुचली नव्हती.

एप्रिल सरत आला होता. ते तिघे पुन्हा सड्यावर गेले. या वेळी रावजींनी आधी बायकोच्या पावलांकडे पाहिले. पदर खोचून, एक पाय पुढे टाकून, पूर्वेला तोंड करून ती उभी होती.

"देऊ?"

"दे."

त्या थोड्या धावल्या आणि विमान हातातून सुटले. ते किंचित खाली दबले, मग वाऱ्यावर टेकले, आणि वर चढू लागले. चिमटीतल्या दांडीला रावजींनी श्वासाएवढे मागे ओढले. विमान सड्याच्या कडेपर्यंत गेले, वळले, घारींच्या खालून परत आले. मधूनच त्याच्या पंखांतून एक बारीक कंप जाई. तो वाऱ्याचा नव्हे, आपल्या अंगठ्याचा, हे रावजींना कळत होते. पण विमान त्या कंपासकट उडत होते.

"आलं की रे!" सखाराम उभा राहिला आणि लगेच खोकत खाली बसला.

वर जाणे जमले होते. अटीतले अर्धे बाकी होते. काही फेऱ्यांनंतर हात जड झाला आणि थरथर वाढली. रावजींनी कोपर बरगडीला घट्ट टेकवले आणि विमान उतरायला गवताच्या पट्ट्याकडे वळवले. ते यायला हवे त्याहून बरेच उंचावरून आले. आता नाक खाली दाबले तर जमिनीला भिडणार, हे उघड होते. पण हात भरून आलेल्या माणसाला काम एकदाचे उरकून टाकावेसे वाटते, आणि तो मोह रावजींच्या बोटांपर्यंत येऊन पोचला.

"अवो, उतरवा ना!" मालनबाई म्हणाल्या.

"नाय. परत फिरवतंय."

त्यांनी मोटरला जोर दिला. विमान त्यांच्या डोक्यावरून गेले. पुन्हा सगळा फेरा. पुन्हा समुद्राकडून वळण. खांद्यापासून बोटांपर्यंत हात पेटल्यासारखा झाला होता. या वेळी त्यांनी फेरा लांबवला, विमान दुरूनच खाली आणले, मोटर बंद केली आणि उरलेल्या उंचीला आपोआप संपू दिले. पोट गवताला घासले, एक पंख दगडाला हलकेच लागून विमान अर्धे फिरले आणि थांबले.

रावजी चालत गेले. आधी नाक पाहिले, मग शेपटी, मग पंखाखाली हात घालून फासळ्या चाचपल्या. आवरणाला एक ओरखडा होता. बाकी सगळे जागच्या जागी होते.

तिथेच गुडघ्यावर बसून त्यांनी मनस्वी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, विमान मी देणार नाही. माझा शब्द मोडतो आहे, हे मला कळते आहे. ते उडते आहे."

"पण काका, आम्ही छताला हूकसुद्धा बसवला."

"हूक राहू दे. मी तुमच्या शाळेत येऊन बसतो. मुलांना फासळ्या कापायला शिकवतो. त्यांनी केलेलं टांगा."

"आणि त्यांनी केलेलं उडालं, तर?"

"तर हूक मोकळा राहील," रावजी म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला, हात दोनदा झटकला आणि पिशवीतून दुसरी बॅटरी काढली.